वाचकांचे प्रश्न : मृगाच्या पाण्यातला पिवळा बेडूक

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सापांविषयीची पत्रे सर्वाधिक असतात. यंदा मात्र सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील बऱ्याच वाचकांनी बेडकांविषयी विचारले आहे आणि त्यांतही बहुतेकांचा रोख एकाच प्राण्याकडे आहे. आपल्याकडच्या विहिरी, ओढे, भातखाचरे आणि उसाच्या पट्ट्यातील पाणथळ जागा यांत राहणारा तो मोठा बेडूक म्हणजे भारतीय बुलफ्रॉग. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे.

प्रश्न : पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री आमच्या उसाच्या खालच्या खोलगट कोपऱ्यात पाणी साचले आणि सकाळी तेथे हळदीसारखे पिवळेधमक मोठे बेडूक दिसले. त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे होते. एरवी हे बेडूक आमच्या शिवारात कधी दिसत नाहीत. ही बाहेरून आलेली जात आहे का? ते विषारी असल्याचे गावात बोलले जाते. तो कोपरा मुरूम टाकून भरून घ्यावा, असा घरात विचार चालू आहे. (एक शेतकरी, तालुका वाळवा)

उत्तर : हे बेडूक बाहेरून आलेले नाहीत. ते वर्षभर आपल्याच बांधावर, आपल्याच विहिरीच्या कडेला होते. फक्त त्या वेळी ते पिवळे नव्हते. भारतीय बुलफ्रॉगचे शास्त्रीय नाव होप्लोबॅट्राकस टायगेरिनस असे असून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी १८०२ मध्ये त्याचे वर्णन केले. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकलेल्या वाचकांना तो 'राना टायग्रिना' या जुन्या नावाने आठवेल, कारण कित्येक पिढ्यांच्या प्रयोगवहीत याच बेडकाच्या आकृत्या होत्या. आपल्या देशातील हा सर्वांत मोठा बेडूक असून पूर्ण वाढलेल्या बेडकाची लांबी नाकाच्या टोकापासून बुडापर्यंत सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत भरते. एरवी त्याचा रंग शेवाळी किंवा मातकट असतो, त्यावर गडद ठिपके असतात, पाठीवर लांबट उभ्या घड्या असतात आणि बऱ्याच बेडकांच्या पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ गेलेली दिसते. अशा रंगाचा प्राणी ओल्या मातीवर न हालता बसून राहिला तर दोन हातांवरूनही नजरेस पडत नाही.

पिवळा रंग फक्त नराला येतो आणि तोही विणीच्या अल्प काळापुरता येतो. मादी आकाराने मोठी असली तरी मातकटच राहते. पावसाने खोलगट जागा भरली की नर तेथे गोळा होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडू लागतात आणि माद्या त्या आवाजाच्या रोखाने येतात. शेकडो बेडकांची ही वीण बहुधा एक-दोन रात्रींतच आटोपते. एवढ्या गर्दीत आणि गढूळ पाण्यात नर कोणता आणि मादी कोणती हे एका दृष्टिक्षेपात कळावे, यासाठी हा रंग उपयोगी पडत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. अशा वेळी नराचा पुढचा पाय जवळून पाहिला, तर अंगठ्याच्या मुळाशी फुगीर, खरखरीत गादी दिसते. निसरड्या अंगाच्या मादीला पाठीवरून बगलेत घट्ट धरून ठेवता यावे यासाठी ती असते. मादी पाण्यात अंडी सोडते, त्याच वेळी नर त्यांवर वीर्य सोडतो आणि फलन शरीराबाहेर पाण्यातच होते. वीण संपली की रंग ओसरतो, म्हणूनच आठवड्याभराने आपण त्या कोपऱ्यात गेलात तर पिवळा बेडूक दिसणार नाही.

विषाविषयी म्हणाल, तर या बेडकापासून माणसाला काही अपाय नाही. डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असलेला, खडबडीत आणि कोरड्या अंगाचा जो भेक आपल्या अंगणात दिव्याखाली किडे खायला येतो, त्याच्या ग्रंथींतून विषारी स्राव येतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरले तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, तो त्या स्रावामुळे. बुलफ्रॉगला तशा ग्रंथी नसतात. बेडकाला हात लावल्याने चामखीळ येते ही समजूतही खरी नाही. चामखीळ एका विषाणूमुळे येते आणि त्या विषाणूचा बेडकाशी काहीही संबंध नाही.

आता आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग, जो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो कोपरा कृपया भरून घेऊ नये. बुलफ्रॉग राहतो बारमाही पाण्याच्या आसपास, परंतु अंडी घालण्यासाठी त्याला नदी, तलाव किंवा खोल विहीर फारशी उपयोगाची नसते, कारण तेथे मासे असतात आणि मासे अंडी व पिल्ले फस्त करतात. त्याला हवे असते ते पावसाने नुकतेच साचलेले, उथळ, उन्हाने लवकर तापणारे आणि मासे नसलेले पाणी, जे पाच-सहा आठवडे टिकेल आणि नंतर आटले तरी चालेल. वाळवा, पलूस, मिरज या बागायती पट्ट्यात जमिनी सपाट करून घेतल्यामुळे अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. त्या कोपऱ्यात ऊस तसाही नीट येत नसणार. पाणी साचून मुळे कुजत असणार. एवढी जागा सोडल्याने आपले फारसे नुकसान होणार नाही, मात्र आसपासच्या कित्येक शेतांतील बेडकांची पुढची पिढी कदाचित त्या एकाच डबक्यात वाढत असेल.

प्रश्न : मुलांना बेडकाचे जीवनचक्र दाखवावे म्हणून आम्ही शाळेजवळच्या डबक्यातून टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्ले) आणून वर्गात काचेच्या मोठ्या बरणीत ठेवले. सोमवारी पाहिले तेव्हा लहान काळे टॅडपोल जवळजवळ सर्व नाहीसे झाले होते आणि तपकिरी रंगाचे थोडे मोठे टॅडपोल तेवढे उरले होते. बरणीवर जाळी असल्याने ते बाहेर गेले असतील असे वाटत नाही. (एक शिक्षिका, कराड)

उत्तर : ते बाहेर गेले नाहीत, उरलेल्या टॅडपोलनी त्यांना खाल्ले. आपण वर्णन केलेले मोठे तपकिरी टॅडपोल बहुधा बुलफ्रॉगचे आहेत. बेडकाचे टॅडपोल शेवाळ खरवडून खातात, असे आपल्या पाठ्यपुस्तकांत सरसकट शिकवले जाते आणि बहुतेक जातींच्या बाबतीत ते खरेही आहे, परंतु बुलफ्रॉगचे टॅडपोल मांसाहारी असतात. आपल्याकडे भिंग असेल तर त्याचे तोंड मुलांना जरूर दाखवा. वर आणि खाली काळसर, टणक, धारदार चोच असते. ती मिटली की लहान टॅडपोलचे मऊ अंग सहज कापले जाते. भक्ष्य शेपटीकडून किंवा पोटाकडून धरायचे आणि झटके देत खायचे, ही त्यांची रीत असते. खायला दुसरे काही उरले नाही तर ते एकमेकांनाही सोडत नाहीत.

ही सवय त्यांच्या डबक्याला साजेशी आहे. उथळ पाणी कधी आटेल याचा भरवसा नसतो. पाऊस आठ-दहा दिवस उघडला, तर डबके लहान होत जाते आणि त्यात अडकलेल्या हजारो पिल्लांना पुरेल इतके शेवाळ उरत नाही. अशा वेळी मांस खाऊन भराभर वाढणारे पिल्लू पाणी संपण्यापूर्वी जमिनीवर येऊ शकते. एक मादी हजारो अंडी घालते, तरी डबक्यातून बाहेर पडणारे बेडूक थोडे असतात, यामागे बगळे, पाणकिडे आणि ऊन यांच्याइतकाच या आपापसातील खाण्याचाही हात असतो.

या प्राण्याची ही भूक जेथे तो मुळात नव्हता तेथे किती घातक ठरते, हे अंदमानात दिसून आले आहे. माणसांमुळे तेथे पोहोचलेला हा बेडूक आता बेटांवर पसरला असून, त्याचे टॅडपोल आणि स्थानिक जातींचे टॅडपोल एकत्र ठेवून केलेल्या प्रयोगात स्थानिक जातींचे एकही पिल्लू वाचले नाही. आपल्याकडे तो स्थानिकच असल्याने येथील इतर बेडूक त्याच्या सोबतीने हजारो वर्षे नांदत आले आहेत. परंतु एका गावातील टॅडपोल दुसऱ्या तलावात नेऊन सोडण्याचा मोह कोणीही करू नये, हे यावरून लक्षात यावे.

आपल्या वर्गासाठी सूचना अशी की, बरणीत थोडेच टॅडपोल ठेवावेत, नळाचे क्लोरिनचे पाणी न वापरता त्याच डबक्यातील पाणी वापरावे आणि एक उतरता दगड पाण्याबाहेर येईल असा ठेवावा. मागचे पाय आधी दिसू लागतील. पुढचे पाय कातडीखाली तयार होत असतात आणि नंतर बाहेर येतात. त्यानंतरचे काही दिवस पिल्लू जवळजवळ काहीच खात नाही, कारण त्याचे तोंड आणि आतडे नव्याने घडत असते. शेपटीतील पोषक द्रव्ये शरीरात जिरवून ते निभावते. मुलांनी शेपूट दररोज मोजून वहीत लिहून ठेवली, तर त्यांना हे स्वतःच कळेल. शेवटी ती सर्व पिल्ले जेथून आणली त्याच डबक्यात सोडावीत.

प्रश्न : पाऊस येणार हे बेडकांना आधी कळते का? (एक वाचक, सातारा शहर)

उत्तर : हवेतील ओलावा वाढला की बेडकाची कातडी सुकत नाही आणि तो अधिक मोकळेपणाने हिंडू व ओरडू लागतो, त्यामुळे वळवाच्या आधीच्या दमट संध्याकाळी एखादा बेडूक ओरडला तर त्यात नवल नाही. परंतु बुलफ्रॉगचा जो सामुदायिक कल्लोळ आपण ऐकतो, तो पाऊस पडून पाणी साचल्यानंतरचा असतो. त्यावरून पेरणीचा अंदाज बांधू नये.

आपण पत्रात महादरे तलावावर पाण्यावरून टुणटुण उड्या मारत पळणारे लहान बेडूक पाहिल्याचे लिहिले आहे. ती बहुधा बुलफ्रॉगची पिल्ले नसून युफ्लिक्टिस नावाच्या वेगळ्या गटातील बेडूक आहेत. ते बहुतेक वेळ फक्त डोळे आणि नाकपुड्या बाहेर ठेवून पाण्यातच असतात आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरून सरसर पळत जातात. घाबरलेला बुलफ्रॉगही कधी कधी पाण्यावरून अशा उड्या मारत जातो.

प्रश्न : दिवाळीनंतर हे बेडूक कोठे जातात? नांगरणी करताना क्वचित एखादा ढेकळातून निघतो, पण तो मेल्यासारखा असतो. (एक शेतकरी, तालुका शिराळा)

उत्तर : तो मेलेला नसतो. खाचरातील पाणी आटले आणि ओल खाली गेली की बुलफ्रॉग मऊ चिखलात, भेगांत, खेकड्याच्या किंवा उंदराच्या बिळात शिरतो आणि कोरडे महिने तेथे काढतो. त्या काळात त्याची हालचाल थांबते, श्वासोच्छ्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात आणि पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर त्याची गुजराण होते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालची आणि मांड्यांची पातळ कातडी ओल्या मातीला टेकवून तो पाणी शोषून घेतो. म्हणून मातीत थोडी जरी ओल असली तरी त्याचे भागते. जेथे पाट किंवा विहीर बारमाही वाहती आहे तेथे तो झोपतही नाही, कडेच्या झुडपात बसून रात्री शिकार करत राहतो. शिराळ्याच्या भातखाचरांत आणि वाळव्याच्या पाटपाण्याच्या उसात हा फरक आपल्याला दिसेल.

नांगरताना असा बेडूक निघाला तर त्याला उन्हात राहू देऊ नका. ओलसर सावलीत, बांधाच्या कडेला मातीत थोडा खड्डा करून ठेवावा, वर पालापाचोळा टाकावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये.

प्रश्न : कोयनेजवळच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) पावसात पिवळा, अंगावर लालसर डाग असलेला लहान बेडूक पाहिला. हे बुलफ्रॉगचे पिल्लू का? (एक वाचक, तालुका पाटण)

उत्तर : नाही, आणि आपण पाहिलेला प्राणी फार मोलाचा आहे. तो बहुधा कोयना भेक असावा. १९६३ मध्ये कोयना परिसरातूनच त्याची नोंद जगाला प्रथम झाली आणि सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर तो जगात कोठेही आढळत नाही. जांभ्या सड्यांवरील खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. त्या खळग्यांतून गाडी नेली किंवा त्यांत साबणाने हातपाय धुतले तर त्या हंगामाची सगळी वीण जाते, एवढे पर्यटकांना आपण गावकऱ्यांनीच सांगावे, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न : उसाच्या हुमणी या किडीच्या बंदोबस्तासाठी बेडूक उपयोगी पडतात असे ऐकले. बेडूक विकत आणून उसात सोडावेत का? (एक ऊस उत्पादक, तालुका पलूस)

उत्तर : विकत आणून सोडू नयेत. ते कायद्याने चालणार नाही आणि त्यातून काही साधणारही नाही.

हुमणीची अळी जमिनीत उसाच्या मुळांवर असते, तेथे बेडूक पोहोचत नाही. परंतु वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात आणि माद्या अंडी घालण्यासाठी पुन्हा मातीत उतरतात. नेमक्या याच पावसाने बुलफ्रॉगही बाहेर पडलेला असतो. तो एका जागी दबा धरून बसतो आणि समोर जे हालेल व तोंडात मावेल ते गिळतो. त्यात भुंगेरे, नाकतोडे, अळ्या, खेकडे, उंदराची पिल्ले, लहान साप आणि लहान बेडूक असे सर्व काही येते. भक्ष्य मोठे असेल तर गिळताना त्याचे डोळे मिटून आत जातात, कारण बुबुळांचे गोळे टाळूवर दाबून तो घास घशाकडे ढकलत असतो. बॅटरीच्या मंद उजेडात हे दृश्य सहज पाहता येते.

तरीही स्पष्ट सांगितले पाहिजे की केवळ बेडकांमुळे हुमणी आटोक्यात येणार नाही. भुंगेरे गोळा करणे, प्रकाश सापळे, खोल नांगरट हे उपाय करावेच लागतील. बेडूक त्यांच्या जोडीला असतो आणि तो विनामूल्य असतो. तो टिकावा अशी इच्छा असेल तर डबक्याच्या आणि पाटाच्या कडेची पट्टी दाणेदार कीटकनाशकापासून मोकळी ठेवा आणि फवारणीचा पंप कधीही ओढ्यात किंवा डबक्यात धुऊ नका. बेडकाची कातडी पाणी शोषते तशी पाण्यातील विषही शोषते आणि टॅडपोलना तर त्या पाण्यातून सुटकाच नसते.

प्रश्न : पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन काही लोक येतात आणि पोत्यांतून बेडूक नेतात. यावर काही निर्बंध आहे का? (नाव प्रसिद्ध करू नये, तालुका जावळी)

उत्तर : आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये हे बेडूक पकडणे, मारणे आणि विकणे गुन्हा आहे. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी जात. १९८५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या बेडकाचा समावेश झाला आणि १९८७ मध्ये भारत सरकारने ही निर्यात पूर्णपणे बंद केली. जेथून बेडूक उचलले जात होते तेथील शेतांत किडींचा उपद्रव वाढतो, ही तक्रारही त्या निर्णयामागे होती.

रात्रीची ही पकड विशेष वाईट अशासाठी की ती नेमकी विणीच्या रात्री होते. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो आणि ओरडणारे नर तर आवाजावरूनच सापडतात. पोटात अंडी असलेली मादी पोत्यात गेली की त्या वर्षाचे तिचे हजारो जीव तिच्याबरोबर जातात. आपण स्वतः त्या लोकांशी वाद घालू नका; वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि डबक्याचे ठिकाण, वेळ व गाडीचा क्रमांक सांगा.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात दर पावसाळ्यात मेलेले बेडूक तरंगतात. पाणी खराब आहे का? शिवाय डासांसाठी तळ्यात आणि शेजारच्या ओढ्याच्या डोहात गप्पी मासे सोडावेत असे कोणी सुचवले आहे. (एक शेतकरी, तालुका माण)

उत्तर : आपल्या तळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे, असे आपण लिहिले आहे, कारण बहुतेक तेथेच आहे. झाडावरच्या बेडकाच्या बोटांना चिकट चकत्या असतात, बुलफ्रॉगच्या बोटांना त्या नसतात. तो पाण्याच्या ओढीने तळ्यात उतरतो, पण ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून त्याला वर चढता येत नाही. बेडूक उत्तम पोहतो, तरीही बसायला कोरडी जागा न मिळता दिवसचे दिवस पोहत राहिला तर दमून मरतो. सिमेंटने बांधून घेतलेल्या सरळ भिंतीच्या विहिरीतही हेच होते.

उपाय साधा आहे. काथ्याची जाड दोरी किंवा जुन्या जाळीची हातभर रुंद पट्टी काठावरील खुंटाला बांधून पाण्यात सोडावी आणि तिचे खालचे टोक दगड बांधून बुडवावे, म्हणजे पाणी कमी झाले तरी पट्टी पाण्यापर्यंत पोहोचते. दगड थेट अस्तरावर घासू नये म्हणून तो पोत्याच्या तुकड्यात गुंडाळावा. तळ्याच्या चारही कोपऱ्यांत अशी एकेक पट्टी असावी, कारण अडकलेला बेडूक काठाकाठाने पोहत कोपऱ्याकडे येतो. या पट्टीवरून बेडूक, सरडे, खारी आणि चुकून पडलेले साप हे सर्व बाहेर पडू शकतात.

गप्पी माशांविषयी : अस्तराच्या तळ्यात, घराजवळच्या हौदात किंवा टाकीत ते सोडण्यास आमची हरकत नाही. ओढ्याच्या डोहात मात्र सोडू नका. माणसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात ओढ्याचे डोह हीच बेडकांच्या विणीची जागा असते आणि बाहेरून आणलेले असे मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी व नुकती बाहेर पडलेली पिल्लेही खातात. ओढ्याला पूर आला की ते खालच्या प्रत्येक डोहात पोहोचतात आणि मग त्यांना काढून टाकण्याचा कोणताही मार्ग राहत नाही.